परदेशातल्या मास्टर्ससाठी लोकांकडून पैसे उभे करताय? आधी क्रम नीट लावा

जून उजाडला की व्हॉट्सॲपवर लिंका फिरायला लागतात. ‘युकेत ॲडमिशन झालंय, ४० लाख लागतात, प्लीज शेअर करा.’ उघडून बघावं तर वर ऑफर लेटरचा तिरका फोटो, खाली ४० लाखांचा आकडा, जमलेले साडेसहा हजार आणि मुदत पंधरा दिवसांची. मुलगा हुशार असतो, ॲडमिशन खरं असतं, गरजही खरी असते. पण लोकांकडून मदत मागायचं (क्राउडफंडिंगचं) जे पेज शेवटी करायचं, ते त्याने सगळ्यात आधी केलेलं असतं.

खाली युकेतल्या एका वर्षाच्या मास्टर्सचं उदाहरण धरलं आहे, कारण तिथे वेळेचा काच सगळ्यात जास्त. जर्मनीला जाणाऱ्याला ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं) भरावं लागतं, अमेरिकेला जाणाऱ्याला आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्र) मिळवण्यासाठी पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. नियम वेगळे, पण कामांचा क्रम जवळपास हाच.

## १. आधी बाकीची दारं ठोठावून या

अनोळखी माणूस पैसे देण्याआधी मनात एकच प्रश्न विचारतो: याने दुसरीकडे प्रयत्न केले का? त्याचं उत्तर कागदावर तयार हवं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने निदान एवढं तपासलेलं असावं: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची परदेश शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाची योजना, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्यांत जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जशिष्यवृत्ती, के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशनची बिनव्याजी कर्जं. शिवाय तुमच्या विद्यापीठाची स्वतःची फी-सवलत. ती बऱ्याचदा नुसत्या ईमेलवर मिळते आणि मुलं मागतच नाहीत.

नकार आला तरी ते पत्र जपून ठेवा. ‘तीन ठिकाणी अर्ज केले, दोन नकार, एक प्रतीक्षेत’ ही ओळ पेजवर फार उपयोगी पडते.

तपासा: सरकारी शिष्यवृत्तीचा निकाल यायचा असेल तर दुहेरी लाभाबद्दलची अट वाचा. शिष्यवृत्ती नंतर मिळाली तर जमलेल्या पैशांचं काय करणार, हे आत्ताच ठरवा. त्याबद्दल पुढे येईलच.

## २. एकूण खर्च मागू नका, तूट मागा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. ४० लाख बघून शंभर-पाचशे देणारा माणूस मागे फिरतो. ‘माझ्या पाचशेने काय होणार?’ असं त्याला वाटतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

नमुन्याचा हिशेब करू. पौंड १२० रुपये धरला आहे. तुम्ही त्या दिवशीचा बँकेचा विक्रीदर धरा, गूगलवर दिसणारा नव्हे.

फी २०,००० पौंड, म्हणजे २४ लाख. लंडनबाहेर राहण्याचा खर्च व्हिसासाठी महिना १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा दाखवावा लागतो, तो झाला १२ लाख ६५ हजार. आरोग्य अधिभार (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) वर्षाला ७७६ पौंड आहे, पण व्हिसा कोर्सपेक्षा काही महिने जास्त मिळतो म्हणून एका वर्षाच्या मास्टर्सला साधारण १,१६४ पौंड भरावे लागतात: १ लाख ४० हजार. व्हिसा फी, टीबी तपासणी, तिकीट, थंडीचे कपडे, पहिल्या घराचं डिपॉझिट मिळून १ लाख ६० हजार धरू. एकूण ३९ लाख ६५ हजार.

आता वजा करा. बँकेचं कर्ज २० लाख. विद्यापीठाची ५,००० पौंडांची सवलत म्हणजे ६ लाख. घरचे ५ लाख. राहिले ८ लाख ६५ हजार.

ही तुमची तूट. पेजवरचा आकडा मात्र थोडा वर ठेवावा लागतो, कारण पेमेंट गेटवेचा खर्च, प्लॅटफॉर्मची फी असेल तर ती, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापून पैसे हातात येतात. कपात ५ टक्के धरली तर ८ लाख ६५ हजार भागिले ०.९५, म्हणजे सुमारे ९ लाख ११ हजार. एवढंच मागा. ‘राउंड फिगर’ म्हणून १५ लाख करू नका. हिशेबातून आलेला आकडा ओळखू येतो आणि गोल केलेलाही.

दोन गोष्टी इथेच बघून घ्या. पौंड १२० वरून १२५ झाला तर नुसत्या २०,००० पौंड फीवर एक लाख वाढतात, म्हणून घरच्या पाच लाखांपैकी थोडे हातचे राखून ठेवा. आणि कर्ज देणारी बँक परदेशी शिक्षणाला साधारण १५ टक्के मार्जिन मनी मागते, म्हणजे तेवढा वाटा तुमचा हवा. तारण नसल्यामुळे किंवा मार्जिन कमी पडल्यामुळे कर्ज अडलं असेल, तर लोकांकडून येणारा पैसा तिथेच सगळ्यात उपयोगी पडतो. ‘दहा हजार द्या, माझं मार्जिन पुरं झालं की २० लाखांचं कर्ज सुटतं’ हे ऐकणाऱ्याला पटतं. बँकेकडून मंजुरीपत्रात तशी अट लिहून घ्या आणि ती दाखवा.

## ३. कॅलेंडर उलटं मांडा

युकेच्या स्टुडंट व्हिसासाठी दाखवायचा पैसा तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी मोजणी पहिल्यापासून. काकांच्या खात्यातले चालत नाहीत, क्राउडफंडिंगच्या पेजवर ‘दिसणारे’ तर नाहीतच.

समजा कोर्स २१ सप्टेंबरला सुरू होतो. व्हिसाचा निर्णय यायला साधारण तीन आठवडे धरले आणि थोडी सवड ठेवली, तर अर्ज १० ऑगस्टच्या आसपास जायला हवा. बँक स्टेटमेंट ५ ऑगस्टचं घेतलं, तर पैसा ९ जुलैपासून खात्यात पडून हवा. प्लॅटफॉर्मची कागदपत्र-तपासणी आणि पैसे वर्ग होणं यात दोन-अडीच आठवडे जाऊ शकतात. म्हणजे मागणं २० जूनला थांबलं पाहिजे. लोकांपर्यंत पोहोचायला आठ आठवडे द्या, की सुरुवात येते एप्रिलच्या शेवटी. तयारी मार्चमध्ये. जूनमध्ये पेज उघडणाऱ्याचं गणित इथेच बसत नाही.

यातून सुटायची एक वाट आहे. कर्ज तुमच्या नावावर असेल तर त्याला २८ दिवसांची अट नाही. बँकेचं कर्जपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं असलं की पुरतं. आणि विद्यापीठाला आधी भरलेली फी ‘कॅस’वर (प्रवेश पक्का झाल्याचं, व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्र) नोंदली जाते आणि दाखवायच्या रकमेतून वजा होते. म्हणून लोकांचा पैसा फीकडे वळवा आणि राहण्याचा खर्च कर्ज आणि घरच्या पैशांतून दाखवा. म्हणजे लोकांकडून आलेला पैसा २८ दिवस अडकवून ठेवावा लागत नाही. देणाऱ्यालाही आपला पैसा विद्यापीठाच्या पावतीवर दिसतो, आणि ‘हा पोरगा यातून आयफोन घेईल’ ही शंका उरत नाही.

सावधान: विद्यापीठाची डिपॉझिट भरायची तारीख आणि डिपॉझिट परत मिळण्याचे नियम आधी वाचा. व्हिसा नाकारला तर बहुतेक ठिकाणी काही रक्कम कापून परत देतात, पण ती मूळ भरणाऱ्याच्याच खात्यात जाते.

## ४. वेगळं खातं, पूर्ण केवायसी

ज्या खात्यात व्हिसासाठीचा पैसा आहे त्या खात्याचा क्यूआर कोड कधीही सार्वजनिक करू नका. कारण सरळ आहे. सायबर फसवणुकीतला पैसा फिरत फिरत कुठल्याही खात्यात येतो. तुम्हाला दोन हजार पाठवणाऱ्याच्या खात्यात चोरीचा पैसा आलेला असेल, तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमची बँक ती रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठवते. ते सुटेपर्यंत आठवडे जातात. २८ दिवसांच्या मध्यावर असं झालं तर पुढचं सांगायला नको.

म्हणून दोन खाती ठेवा. एक व्हिसाचं, ज्याला हात लावायचा नाही. दुसरं फक्त मदतीचं, त्यातून पैसे आठवड्याला फीकडे किंवा बाजूला काढायचे.

मदतीचं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते शाखेत जाऊन विचारा. शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी अपुऱ्या कागदांवर उघडलेलं जुनं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. पॅन जोडा, केवायसी पूर्ण करा, खात्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. मॅनेजरलाही सांगून ठेवा की पुढचे दोन महिने अनोळखी लोकांकडून छोट्या रकमा येतील आणि त्या कशासाठी. त्याची एक लेखी पोच घेतली तर उत्तमच.

प्लॅटफॉर्मबद्दल थोडक्यात. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू ही भारतातली नावं. निवडताना तीन प्रश्न विचारा: हातात नक्की किती येणार, लक्ष्य पूर्ण झालं नाही तरी जमलेलं मिळतं का, आणि पैसे थेट विद्यापीठाकडे जातात की माझ्या खात्यात. पैसे भरताना प्लॅटफॉर्म देणाऱ्याकडून स्वतःसाठी ‘टिप’ही मागतो, आणि ती रक्कम बऱ्याचदा आधीच भरलेली असते. ती शून्य करता येते, हे तुमच्या मेसेजमध्ये स्वतःहून लिहा. पाचशेचे साडेपाचशे गेलेले बघून चिडलेला माणूस राग तुमच्यावर काढतो.

गोफंडमीवर भारतातल्या बँक खात्यात पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंदच समजा. ‘तिकडचा मित्र त्याच्या नावाने पेज काढेल’ ही युक्ती करण्याआधी सहावा टप्पा वाचा.

सावधान: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. आणि कुणी वीस हजार पाठवून ‘चुकून जास्त गेले, अठरा हजार या दुसऱ्या नंबरवर परत करा’ म्हणालं, तर एक रुपयाही पाठवू नका. तो पैसा बहुधा चोरीचा असतो आणि तुम्हाला वाटेवरचा हमाल केलेलं असतं. बँकेला लेखी कळवा. परतफेड झाली तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेमार्फत. गरज वाटली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

## ५. आयकर: ‘प्रत्येकाने पन्नास हजारांच्या आत दिलेत’ हे उत्तर नाही

इथला गैरसमज इतका पक्का आहे की सीएकडे जाईपर्यंत कुणाला पटत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटींची बेरीज पन्नास हजारांच्या वर गेली, तर ती पूर्ण रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. मर्यादा दर माणशी नाही, एकूण आहे. आणि पन्नास हजारांच्या वरचा भाग नव्हे, सगळी रक्कम.

नातेवाईक कोण? आईवडील, आजीआजोबा, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी आणि यांचे जोडीदार. चुलतभाऊ, मामेबहीण, मावसभाऊ या यादीत नाहीत, मग ते एकाच वाड्यात वाढलेले का असेनात. पुण्यातल्या आयटीतल्या मावसभावाने दिलेले लाख रुपये परक्याने दिल्यासारखे मोजले जातात.

आता बातमी तितकीशी वाईट नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. दुसरं उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात आपल्या उदाहरणातले नऊ-सव्वानऊ लाख आले, तर कर लागत नाही. पण उत्पन्न ४ लाखांच्या वर असल्यामुळे रिटर्न भरावंच लागतं. तेच पैसे नोकरी करणाऱ्या वडिलांच्या खात्यात घेतले, तर ते त्यांच्या पगारावर चढतात आणि त्यांच्या स्लॅबने कर लागतो. ‘बाबांचंच खातं दे, त्यांचं जुनं आहे’ हा घरोघरचा सल्ला इथे महागात पडतो.

नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टकडून आलेल्या रकमेला हा नियम लागत नाही, आणि शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. पण लोकांकडून गोळा केलेल्या पैशाला स्वतःच ‘शिष्यवृत्ती’ नाव देऊन मोकळं होऊ नका. सीएला एकदा भेटा, त्याच भेटीत त्या वर्षी तुम्ही निवासी धरले जाल का हेही विचारा. सवलत त्यावर अवलंबून आहे.

देणाऱ्यांपैकी कुणीतरी ८०जीची (देणगीवर करसवलत मिळवून देणारी) पावती मागणारच. व्यक्तीला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही. पेजवरच तसं लिहून टाका.

आणखी एक. स्वतःच्या पैशांतून फी परदेशी पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) घेते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरून परत मिळतो, पण तोवर तो खिशातून गेलेला असतो. तुटीच्या हिशेबात तो धरलाय का, बघा.

## ६. परदेशातून येणारा पैसा

न्यू जर्सीतल्या मंडळींनी ‘आम्ही करतो मदत’ म्हटलं की आधी त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. अवघड वाटतं, पण विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा एफसीआरएत (परदेशातून येणाऱ्या देणग्यांच्या कायद्यात) परकीय योगदान धरला जात नाही. ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) किंवा नागरिकत्व बदललेला माणूस मात्र परकीय स्रोत ठरतो. जवळच्या नातेवाइकांना तिथेही सूट आहे, पण एफसीआरएतली नातेवाइकांची व्याख्या आयकराइतकी ऐसपैस नाही. सख्खा मामा आयकरात बसतो, इथे बसत नाही. अशा नातेवाइकांकडून वर्षात १० लाखांच्या वर आलं तर तीन महिन्यांत केंद्रीय गृह मंत्रालयाला कळवावं लागतं.

परदेशी नागरिक असलेल्या हितचिंतकाला सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे विद्यापीठाच्या फीखात्यात थेट भरणं. वित्त विभागाला आधी ईमेल करा: तिऱ्हाइताकडून पैसे घेता का, संदर्भ क्रमांक कोणता टाकायचा, पावती कुणाच्या नावाने येईल.

## ७. काय दाखवायचं, काय झाकायचं

दाखवा: ऑफर लेटर (अटी पूर्ण झालेलं, ‘कंडिशनल’ असेल तर कोणती अट बाकी आहे ते लिहून), कर्जाचं मंजुरीपत्र, सवलतीचं पत्र, खर्चाचा तक्ता, आणि एखाद्या प्राध्यापकाची कॉलेजच्या ईमेलवरून तुमची ओळख पटवणारी चार ओळींची चिठ्ठी.

झाका: पासपोर्ट क्रमांक, विद्यार्थी क्रमांक, कॅस क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता, मार्कशीटवरचा पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), सगळे क्यूआर आणि बारकोड. मोबाइलवर काळ्या मार्करने खोडू नका. पुष्कळदा तो शाईसारखा पारदर्शक असतो आणि ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. चौकोन टाकून झाका आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरा. आधार टाकूच नका.

## ८. मजकूर

बहुतेक पेजं अशी सुरू होतात:

‘नमस्कार, मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील मुलगा असून उच्च शिक्षण घेऊन समाजाची सेवा करण्याचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. आपली छोटीशी मदत माझं आयुष्य बदलू शकते.’

यात खोटं काही नाही. पण हे कुणीही लिहू शकतं, आणि लिहितंच. वाचणाऱ्याला तुम्ही कोण, कुठे, काय शिकणार, किती कमी पडतंय, कधीपर्यंत, हे काहीच कळत नाही. तोच मुलगा असं लिहू शकतो:

‘मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. केलं आणि दोन वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काम केलं. खारपड जमिनींवर एम.एस्सी. करण्यासाठी युकेत सप्टेंबरचा प्रवेश मिळाला आहे. एकूण खर्च ३९ लाख ६५ हजार. कर्ज २० लाख मंजूर, विद्यापीठाची सवलत ६ लाख, घरचे ५ लाख. उरलेले ८ लाख ६५ हजार (कपात धरून पेजवर ९ लाख ११ हजार) २० जूनपर्यंत हवेत, ते थेट फीत भरले जातील. पत्रं आणि तक्ता खाली आहेत. हाच विषय भारतात का नाही, याचं उत्तर शेवटी दिलंय.’

दुसऱ्या मजकुरात ‘गरीब’ कुठेही नाही; घरच्या पाच लाखांचा आकडाच परिस्थिती सांगतो. शेवटचं वाक्य विसरू नका. ‘इथे काय कॉलेजं नाहीत का?’ हा प्रश्न येणारच, तो टोमणा समजू नका. खरं उत्तर असेल तर चार ओळींत द्या. नसेल, तर पेज काढण्याआधी स्वतःशी एकदा बसा.

आईवडिलांचे रडवेले फोटो, पडक्या भिंती, देवासमोरचा व्हिडिओ नको. काही जण सांगतील की त्याने पैसे येतात. येतातही. पण पुढची दहा वर्षं तुमचं नाव शोधल्यावर तेच दिसेल, आणि त्या फोटोला आईची परवानगी कुणी मागितलेली नसते. तुम्ही कामाच्या जागी आहात असा एक स्वच्छ फोटो पुरतो.

मराठी आणि इंग्रजी, दोन्ही मजकूर वेगवेगळे लिहा. गावाकडचा सर आणि बंगळुरूतला कॉलेजचा सीनियर यांना एकच मजकूर चालत नाही.

तपासा: मजकूर तुम्हाला न ओळखणाऱ्या एकाला वाचायला द्या आणि दोन मिनिटांनी विचारा: किती कमी पडतायत, कधीपर्यंत? सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

## ९. आधी ओळखीचे, मग ओळखीचे ओळखीचे, मग अनोळखी

शून्यावर असलेल्या पेजवर अनोळखी माणूस पहिला पैसा टाकत नाही. म्हणून सार्वजनिक करण्याआधी एक आठवडा गुपचूप काम करा. शिक्षक, जुने सहकारी, हॉस्टेलचे मित्र यांना एकेकाला फोन करा किंवा स्वतंत्र मेसेज पाठवा. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजची जबाबदारी कुणीच घेत नाही. सगळे अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. फोनवर रक्कम सांगा. ‘जमेल तसं’ म्हटलं की समोरचा अडचणीत येतो. ‘सर, दोन हजार शक्य आहेत का? नसतील तर हे दोन जणांना स्वतःच्या शब्दांत पाठवाल का?’ यात त्यांना नाही म्हणायलाही जागा राहते.

दुसरं वर्तुळ खरं काम करतं. तुमच्या विषयातली माणसं, माजी विद्यार्थी संघ, कर्मचारी संघटना, त्या विद्यापीठात आत्ता शिकत असलेली मराठी मुलं. ही तुम्हाला ओळखत नाहीत, पण तुमच्यासाठी शब्द टाकणाऱ्याला ओळखतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडे पैशांआधी खोली, जुने कोट, विमानतळावरून नेणं असं मागा. ते लगेच मिळतं आणि तेवढाच खर्च वाचतो.

मग एक्स, इन्स्टाग्राम, लिंक्डइन. रोज लिंक टाकू नका. आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवं सांगायला हवं: कर्ज मंजूर झालं, डिपॉझिट भरलं, इतके राहिले. मोठ्या अकाउंटला टॅग करण्यापेक्षा त्यांना एकदा नीट डीएम करा. आधीच झाकलेली कागदपत्रं सोबत जोडा, म्हणजे त्यांना पडताळायला काही विचारावं लागत नाही.

शिव्या येतील. राखीव प्रवर्गातल्या मुलामुलींना जातीवरून येतात, मुलींना वेगळ्याच येतात. शंका विचारणाऱ्याला एकदा, सभ्यपणे, कागदासकट उत्तर द्या. बाकीच्यांना ब्लॉक करा आणि मेसेज बघायचं काम महिनाभर मित्राकडे सोपवा. ते वाचत बसून अर्जांचं कामही होत नाही आणि पैसेही येत नाहीत.

## १०. पैसे येऊ लागल्यावर

पहिल्या दिवसापासून एक शीट ठेवा: तारीख, रक्कम, मार्ग, देणाऱ्याचं नाव, नाव जाहीर करायची परवानगी आहे का. प्लॅटफॉर्मवरचे आणि थेट खात्यात आलेले, दोन्ही त्यातच. थेट आलेले लपवले आणि पेजवरचा आकडा कमी दिसू दिला, तर ती फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. हीच शीट पुढे सीएला द्यायची असते.

आभार त्याच दिवशी माना. शंभर रुपये देणाऱ्यालाही.

फी भरली की विद्यापीठाची पावती आणि बँकेची स्विफ्टची प्रत (पैसे परदेशी पाठवल्याचा पुरावा), क्रमांक झाकून, पेजवर टाका. लक्ष्य गाठलं की त्याच दिवशी पेज बंद करा. ‘राहू दे, येतायत तर’ म्हणून ते उघडं ठेवलं, तर पुढच्या वर्षी त्याच कॉलेजातल्या मुलीने मदत मागितली की लोक तिला तुमचं उदाहरण देतात.

## ११. जमले नाहीत, जास्त जमले, किंवा जाणंच रद्द झालं तर

हे पेजवर पहिल्याच दिवशी लिहा. नंतर लिहिलं तर ती सारवासारव वाटते. तीन ओळी पुरतात.

‘२० जूनपर्यंत निम्मे जमले तर मी विद्यापीठाकडे डिफरल (प्रवेश एक वर्ष पुढे ढकलणं) मागेन आणि पैसे वेगळ्या एफडीत ठेवेन. व्हिसा नाकारला किंवा मी गेलो नाही, तर ज्यांनी ६० दिवसांत परत मागितले त्यांना परत, बाकीचे अमुक ट्रस्टला किंवा विद्यार्थ्याला. शिष्यवृत्ती मिळाली तर हीच पद्धत.’

डिफरल मिळतं का आणि भरलेलं डिपॉझिट पुढे धरतात का, हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय पहिली ओळ लिहू नका. परतफेड करायची वेळ आली तर गेटवेचा कापलेला खर्च कोण सोसणार, तेही ठरवा. माझ्या मते तो विद्यार्थ्याने सोसावा. प्लॅटफॉर्मवरून आलेले पैसे शक्यतो प्लॅटफॉर्ममार्फतच परत करा.

निघण्याआधी शेवटची कामं: मदतीचं खातं बंद करू नका, टीसीएसचा परतावा आणि एखादी राहिलेली परतफेड त्यातूनच होणार आहे. मोबाइल नंबर त्याला जोडलेला राहील आणि तिकडे ओटीपी येईल एवढं बघा. शीट, पावत्या आणि बँक स्टेटमेंटचा एक संच सीएकडे, एक घरी द्या, आणि पुढच्या वर्षी रिटर्नची मुदत कधी आहे ते आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. तेव्हा तुम्ही डेझर्टेशनमध्ये बुडालेले असाल.